राष्ट्राची थट्टा कोणी केली?

विनोद असावा, पण निर्विष असावा, असे म्हणण्याची आपल्याकडे एक सभ्य चाल आहे. सत्काराच्या सभेत अध्यक्ष हे वाक्य उच्चारतात, परीक्षक अहवालात लिहितात, आणि ज्याच्याविषयी ते लिहिले जाते तो लेखकही बिचारा मान लववून आभार मानतो. निर्विष म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारले तर उत्तर एकच निघेल: जो वाचून कोणालाच काही झाले नाही, तो विनोद निर्विष. आणि ज्याला काही झाले, तो गृहस्थ तरी सरळ बोलतो काय? मला चावला, असे तो कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, राष्ट्राला चावला!

माझा वाद आहे तो या शेवटच्या वाक्याशी. दिवाळीच्या फराळाबरोबर वाद कशाला, असे कोणी म्हणेल. पण चकलीत थोडे तिखट असतेच. हा वाद घरच्या उदाहरणावर घातला तर पहिल्या पाच मिनिटांत तट पडतील आणि कोण कोणाच्या बाजूचा एवढाच प्रश्न शिल्लक राहील. म्हणून मी मुद्दाम दूरचे, रुमानियाचे प्रकरण घेतो. तेथील कोणाच्याही पक्षाशी आपले देणेघेणे नाही. न्याय करायला सोपे.

साल १८९१. बुखारेस्ट शहरात रुमानियन अकादमीपुढे पारितोषिकाचा प्रश्न आला होता. विचारार्थ पुस्तके होती योन लुका काराजाले या नाटककाराची. एक विनोदी नाटकांचा संग्रह, आणि दुसरे 'नपास्ता' नावाचे गंभीर नाटक. 'नपास्ता' म्हणजे आपण ज्याला बालंट म्हणतो ते. विरोधाला उभे राहिले दोन वजनदार सभासद. एक भाषापंडित हाश्देउ, आणि दुसरे दिमित्रिए स्तुर्झा, उदारमतवादी पक्षातील बडे प्रस्थ आणि पुढे चार वेळा झालेले पंतप्रधान. स्तुर्झांच्या बोलण्याचा आशय असा की, काराजाले यांनी आपल्या राष्ट्राचा मान राखायला शिकावे, त्याची टर उडवू नये. मतदान झाले. विरुद्ध वीस, बाजूने तीन.

स्तुर्झांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. वालाकिया आणि मोल्दाविया ही दोन संस्थाने १८५९ साली एकत्र आली, १८७७ च्या तुर्कस्तानविरुद्धच्या युद्धात त्यांनी स्वातंत्र्य कमावले आणि १८८१ साली कुठे 'राज्य' ही पदवी मिळाली. म्हणजे अकादमीत ही चर्चा चालली होती तेव्हा राज्याचे वय अवघे दहा वर्षांचे. चहूकडे बलाढ्य साम्राज्ये. अशा वेळी घरच्याच माणसाने घरची लक्तरे वेशीवर टांगू नयेत असे एखाद्या जबाबदार माणसाला वाटले, तर त्यात नवल नाही.

पण लक्तरे कोणाची होती?

ज्या नाटकाने काराजालेचे नाव घरोघर झाले त्या 'हरवलेले पत्र' या नाटकाचा पहिला प्रयोग नोव्हेंबर १८८४ मध्ये झाला. डोंगराळ मुलखातले एक जिल्ह्याचे गाव. निवडणूक तोंडावर आलेली. जिल्हाधिकारी तिपातेस्कु यांचे स्थानिक पक्षाध्यक्षाच्या बायकोशी सूत आहे आणि त्यांनी तिला लिहिलेली एक चिठ्ठी हरवते. ती जाते कात्सावेंकु या वकिलाच्या हाती. हे वकील एक वर्तमानपत्र चालवतात. नाव 'कार्पाथियनची गर्जना'. प्रगती, देश, जनता हे शब्द त्यांच्या तोंडून पाटाच्या पाण्यासारखे वाहत असतात, आणि खिशात चिठ्ठी. मला उमेदवारी द्या, नाही तर चिठ्ठी छापतो! अध्यक्षमहाराज इतके भोळे, की इतके बेरकी, हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. ती चिठ्ठी खोटीच आहे असे ते सगळ्यांना शांतपणे समजावीत हिंडतात. एवढ्यात राजधानीतून हुकूम येतो की अमुक तिसऱ्याच माणसाला निवडून आणा. हा तिसरा म्हणजे वयस्क, बोबडा, विसरभोळा दांदानाके. त्याला उमेदवारी कशी मिळाली? त्यालाही कोणा बड्या माणसाच्या ओव्हरकोटात एक प्रेमपत्र सापडले होते! फरक एवढाच की गावच्या वकिलाला निदान पत्र परत द्यावे लागते; राजधानीच्या पाहुण्याने ते पुढच्या वेळेसाठी जपून ठेवले आहे. शेवटी बँड वाजतो, आणि कालचे वैरी गळ्यात गळा घालून लोकशाहीचा जयजयकार करतात.

या सगळ्यात राष्ट्र कोठे आहे? शोधले तर एका माणसात सापडते. त्याला नावदेखील नाही. पात्रांच्या यादीत तो नुसता 'झिंगलेला नागरिक' आहे. पूर्वी टपाल वाटण्याचे काम केलेला. हरवलेली चिठ्ठी पहिल्यांदा त्यालाच सापडते, वकील त्याला दारू पाजून ती काढून घेतो, आणि पुन्हा हाती लागताच हा इमानी प्राणी ती ज्या बाईची तिला नेऊन देतो, कारण पत्र पत्त्यावर पोचवायचे असते एवढे त्याला ठाऊक आहे. बदल्यात त्याची एकच विचारणा: मी मत कोणाला देऊ? सगळ्या नाटकात सरळ वागणारा हा एकटा. लेखकाने त्याला झिंगवला खरा, पण त्याच्यावर दात धरलेला नाही. स्तुर्झासाहेबांनी हे नाटक पाहून राष्ट्राचा अपमान झाला असे म्हटले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे हा टपालवाला होता की जिल्हाधिकारी आणि वकील, हे काय सांगायला पाहिजे?

यापूर्वीही हाच अनुभव. १८७९ च्या जानेवारीत 'वादळी रात्र' रंगभूमीवर आले. त्यात लाकडाचा एक व्यापारी आहे, नागरी संरक्षक दलात कप्तान. घराण्याच्या अब्रूची त्याला रात्रंदिवस चिंता, आणि ती अब्रू सांभाळायला त्याने ठेवला आहे आपला विश्वासू कारकून. बायकोचा यार तोच! खरोखरीच्या दलातले लोक खवळले. नाट्यगृहाचे संचालक योन घिका यांनी लेखकाला न विचारता संहितेत फिरवाफिरव केली, आणि लेखकाने नाटक काढून घेतले. १८८५ साली 'कार्निव्हलच्या गमती' या नाटकाला तर पहिल्याच खेळात शिट्ट्या मिळाल्या. त्यात ना मंत्री, ना निवडणूक. एक न्हाव्याचे दुकान, दोन मत्सरी बाया आणि वेषांतराचा नाच. तरी ओरड झाली. तेव्हा तितू मायोरेस्कु या टीकाकाराने लेखकाची बाजू घेऊन एक गाजलेला निबंध लिहिला. तो मोठ्या योग्यतेचा आहे. पण नाटके कलेच्या उंच प्रदेशातली असल्यामुळे नीती-अनीतीचा प्रश्न तेथे उद्भवत नाही, हा त्याचा बचाव मला लंगडा वाटतो. प्रश्न उद्भवतो. उद्भवावा म्हणूनच तर लिहिले होते.

आता हा माणूस कोण? १८५२ साली प्लोएष्टजवळच्या हाइमानाले खेड्यात जन्मला. रुमानियन भाषेत 'हाइमाना' म्हणजे भटक्या, आणि गावाने आपले नाव खरे करून घेतले असेच म्हणायचे. दोन चुलते नाटकवाले. पोरगा कोर्टात नकलनवीस झाला, मग बुखारेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात प्रॉम्प्टर. दुसऱ्यांची वाक्ये दबक्या आवाजात पुरवायची, आणि नट ती कशी फुगवून म्हणतात ते खालून पाहायचे. विडंबनकाराला याहून चांगली शाळा कोणती? १८७३ पासून 'काटा' नावाच्या विनोदी पत्रात लिहू लागला. १८७७ साली युद्ध चालू असताना स्वतःचेच एक पत्र काढले. त्याचे नाव 'खच्ची कोंबडा'. मुद्रिते तपासली. 'तिंपुल' या पक्षीय दैनिकात महाकवी एमिनेस्कु आणि कथाकार स्लाविच यांच्या शेजारी बसून मजकूर पाडला. मग शाळा तपासनीस झाला, म्हणजे आपल्याकडे पूर्वी ज्याला दिपोटी म्हणत तो. मग सरकारी तंबाखूच्या खात्यात कारकून. १८८८ साली ज्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होता त्याचाच संचालक झाला आणि एका हंगामात बाहेर पडला. पारितोषिक गेल्यावर बिअरची दुकाने चालवली, पुढे बुझाउ स्टेशनवरचे उपाहारगृहही. त्याचा एक टीकाकार मित्र प्लोएष्ट स्टेशनवर असाच धंदा करून सुखी होता. याला तो जमला नाही. गिऱ्हाइकांचे संवाद मात्र जमले.

तरुणपणीची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ८ ऑगस्ट १८७० रोजी प्लोएष्ट गावात कांदियानो-पोपेस्कु नावाच्या एका पुढाऱ्याने राजा उलथल्याची घोषणा केली आणि प्रजासत्ताक स्थापन केले. ते एक दिवस टिकले. अठरा वर्षांचा काराजाले त्या धामधुमीत पोलिसातला दुय्यम अंमलदार झाला होता, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. आणि त्या प्रजासत्ताकाचा संस्थापक? तो पुढे त्याच राजाचा शरीरसंरक्षक अधिकारी झाला. मग सांगा, या देशाची थट्टा लेखकाने केली की त्याने नुसती उतरवून घेतली?

१८९३ च्या जानेवारीत काराजालेने आंतोन बाकालबाशा या समाजवादी लेखकाला जोडीला घेऊन जे पत्र काढले त्याचे नाव 'मोफ्तुल रोमीन'. यातला 'मोफ्त' म्हणजे आपल्या 'मोफत'चा सख्खा भाऊ. मूळ फार्सी शब्द. तो तुर्कांबरोबर डॅन्यूबकाठी गेला आणि तेथे त्याला निराळाच अर्थ चिकटला: पोकळ बात, फुकाचा डौल, ज्याला दमडीही पडत नाही असा मोठेपणा. पत्राची भूमिका सांगताना काराजालेने इतर राष्ट्रांना त्यांच्या त्यांच्या व्याधी वाटून दिल्या, आणि आपल्या राष्ट्राच्या वाट्याला हा मोफ्त ठेवला. लक्षात घ्या, 'त्यांचा मोफ्त' असे नाव त्याने ठेवले नाही. 'रुमानियन मोफ्त' असे ठेवले, आणि रुमानियन तो स्वतःही होता. विरोधकांच्या पत्राला नावे ठेवणारे संपादक पैशाला पासरी मिळतात. आपल्याच पत्राच्या कपाळी पोकळ बात असे लिहून ते बाजारात मांडणारा एखादाच. तो जमातीच्या बाहेर उभा राहून बोट दाखवीत नव्हता, पंक्तीत बसून बोलत होता.

तरी या पत्रातली एक गोष्ट मला आवडत नाही. आपले पत्र हे राष्ट्रीय प्रेतात्मविद्येचे आणि गूढशास्त्रप्रसाराचे मुखपत्र आहे, असे त्याने मथळ्याखाली छापले. रोख उघड होता. पंडित हाश्देउ यांची एकुलती एक बुद्धिमान मुलगी युलिया १८८८ साली अठराव्या वर्षी वारली, आणि तेव्हापासून ते तिच्या आत्म्याशी बोलण्याच्या नादी लागले होते. अकादमीत आपल्याविरुद्ध बोलणाऱ्या पंडिताचा सूड घ्यायला काराजालेला हेच ठिकाण सापडावे? तेव्हा निर्विषवाल्यांना मी खुशाल एवढे देऊन टाकतो की विनोदाला विष असते आणि ते कधी कधी नको त्या जागी टोचले जाते. मात्र तेथेही दुखावला गेला तो एक बाप. त्याची क्षमा मागता येते. राष्ट्र नावाच्या फिर्यादीची क्षमा कोणत्या पत्त्यावर मागायची?

१८९९ पासून 'युनिव्हेर्सुल' या दैनिकात त्याची छोटी चित्रे येऊ लागली. ही मुलांनाही वाचून दाखवावीत. खलाशाचा पोशाख घातलेला गोए, आजी-आई-मावशी यांच्याबरोबर आगगाडीने राजधानीला निघालेला; तो डोके बाहेर काढून टोपी उडवतो, तिच्यात खोचलेले तिकीटही जाते, आणि शेवटी साखळी ओढून गाडी थांबवतो, तरी तिन्ही बायांच्या लेखी पोर गुणाचे ते गुणाचेच! दुसरा योनेल, घोडदळाच्या मेजरच्या वेषातला. आई पाहुण्याशी मुलांच्या वळणाविषयी बोलत असते, आणि हा तिकडे पाहुण्याच्या पावसाळी जोड्यांत मुरंबा ओतत असतो. घरी जाऊन जोडे काढीपर्यंत पाहुण्याला पत्ता नाही. ही दोन पोरे पुढे मोठी होऊन कोणत्या खुर्चीवर बसली असतील याचा वाचकाने विचार केला तर बरे, न केला तरी हसू फुकट जात नाही. या चित्रांचे पुस्तक निघाले, आणि १९०२ साली अकादमीने त्यालाही पारितोषिक नाकारले.

त्याच सुमारास कायोन या टोपणनावाच्या एका तरुण लेखकाने त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला. 'नपास्ता' हे म्हणे केमेनी नावाच्या हंगेरियन लेखकावरून उचलले आहे. पुरावा म्हणून उतारेही छापले. काराजालेने फिर्याद केली. त्याचे वकीलपत्र घेतले प्रसिद्ध लेखक देलाव्रांचा यांनी. चौकशीत निघाले काय, तर असे नाटकही नव्हते आणि असा नाटककारही नव्हता! उतारे आरोप करणाऱ्यानेच रचले होते. मार्च १९०२ मध्ये त्याला तीन महिन्यांची सजा झाली, आणि जूनमध्ये अपिलात तो सुटला. 'बालंट' नावाच्या नाटकावर असे बालंट. ही कथा काराजालेने स्वतः लिहिली असती तर लोक म्हणाले असते, अतिशयोक्ती आहे.

पुढे एका आत्याबाईंच्या वारशाचा पैसा हाती आला आणि १९०५ च्या सुमारास तो बिऱ्हाड घेऊन बर्लिनला गेला. झाले! ज्यांनी त्याला दोनदा नाकारले त्यांना आता म्हणायला सोय झाली की पाहा, देश सोडून गेला. हा आक्षेप थोडा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण त्याची परीक्षा लवकरच झाली.

१९०७ च्या फेब्रुवारीत मोल्दावियातल्या फ्लमिंझ गावी कुळांनी दंगा केला. जमीन बड्या मालकांची, ती खंडाने घेणारे मक्तेदार मधले, आणि कसणारा उपाशी. वणवा पाहता पाहता दक्षिणेकडे पसरला. सरकार कोसळले आणि नवे आले. नव्या पंतप्रधानांचे नाव दिमित्रिए स्तुर्झा. होय, तेच. सैन्य खेड्यांत उतरले, तोफा डागल्या गेल्या, आणि मेलेल्या शेतकऱ्यांची मोजदाद हजारांत होते. नक्की आकड्यावर आजही वाद आहे. कालपर्यंत एकमेकांवर तुटून पडणाऱ्या दोन्ही पक्षांनी या कामी एकजूट केली. 'हरवलेले पत्र'चा शेवटचा प्रवेश, फक्त बँडच्या जागी तोफा.

बर्लिनला बसलेल्या थट्टेखोराने काय केले? एप्रिल १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या 'दी त्साइट' या पत्रात एक लेख आला. खाली नाव नव्हते; 'एक रुमानियन देशभक्त' एवढेच. तो त्याचा होता. पुढचे भाग लिहून त्याच वर्षी त्याने ते पुस्तिका म्हणून बुखारेस्टला प्रसिद्ध केले. त्यात विनोद जवळजवळ नाही. जमीन कोणाकडे आहे, सरकारी जागा दोन पक्ष आळीपाळीने आपल्या माणसांत कशा वाटतात, शाळा कशासाठी चालतात, कायदे कोणासाठी होतात आणि हे सारे ज्याच्या पाठीवर उभे आहे त्या शेतकऱ्याला त्यातले काय मिळते, याचा तो कोरडा, कडक हिशेब आहे. पूर्वी जे जिल्हाधिकारी आणि वकील रंगमंचावर नाचवले, तेच येथे खाते-वहीत मांडले. 'मोफ्त' हा शब्द ज्यांना झोंबला होता त्यांना आता तो उलगडून दाखवला होता.

आता पुन्हा १८९१ च्या त्या सभेत चला. एकीकडे राष्ट्राचा मान राखायला शिकवणारे स्तुर्झा, दुसरीकडे शिकवणी घेणारा काराजाले. सोळा वर्षांनी राष्ट्र खरोखरच रस्त्यावर आले, अनवाणी आणि उपाशी. तेव्हा एकाने त्याच्यावर सैन्य पाठवले आणि दुसऱ्याने त्याची कैफियत लिहिली. लक्तरे वेशीवर टांगली म्हणून ज्याच्यावर ठपका, त्यानेच ती कोणाच्या अंगावरची हे सांगितले. उपाय काय तो सांगितला नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती पुस्तिका वाचावी. पक्षात शिरून राबला नाही, असे म्हणाल तर तेही खोटे. १९०८ साली ताके इओनेस्कु यांच्या नव्या पक्षासाठी तो चक्क प्रचारसभांत भाषणे करीत हिंडला. आमदारकी मिळाली नाही ती नाहीच. कात्सावेंकुचा बाप स्वतःच व्यासपीठावर उभा, हे दृश्य पाहायला मिळाले असते तर मी एका दिवाळी अंकाची किंमत आनंदाने मोजली असती.

१९१२ च्या आरंभी साठी आली. मायदेशी सत्काराची जुळवाजुळव सुरू झाली, ती त्याने साफ नाकारली. त्याच जूनमध्ये बर्लिनमध्ये तो वारला, आणि नोव्हेंबरात बुखारेस्टच्या बेलू स्मशानभूमीत त्याला पुन्हा पुरले.

मग मानसन्मान आलेच. १९४८ साली अकादमीने त्याला मरणोत्तर सभासद करून घेतले. १९५२ च्या जन्मशताब्दीला कम्युनिस्ट सरकारने मोठा थाट केला. त्याने रंगवलेले सगळे लुच्चे जुन्या राजवटीतले, आपल्याशी संबंध नाही, असा त्यांचा हिशेब होता. बुखारेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहाला त्याचे नाव आहे. जन्मभर देणेकऱ्यांना चुकवीत हिंडलेल्या या माणसाचे चित्र आज शंभर लेईच्या नोटेवर आहे. दगडाचा आणि कागदाचा काराजाले पूर्णपणे निर्विष आहे.

रंगमंचावरचा मात्र तसा नाही. १९८१ साली लुचियान पिंतिलिए या दिग्दर्शकाने 'कार्निव्हलच्या गमती'वरून एक चित्रपट काढला. तेच नाटक, न्हाव्याच्या दुकानाचे, ज्यात ना मंत्री ना निवडणूक. चाउशेस्कुच्या राजवटीने तो अडकवून ठेवला. लोकांना तो पाहायला मिळाला १९९० साली, हुकूमशहा गेल्यानंतर.